वखारवाल्या काकांची सळई

काकांनी माझ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, कारण त्यांचा कोणावरच नव्हता. पोस्टमनवर नव्हता, डॉक्टरवर नव्हता, आणि आपला चिकू पिकलाय असं सांगणाऱ्या फळवाल्यावर तर मुळीच नव्हता. आया तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा बोटांच्या मागच्या बाजूने ते प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत. चिकूला लावत, भिंतीला लावत, विजेच्या मीटरच्या पेटीला लावत. एकदा एका ऑफिसात साहेब चहाला गेले होते, तर काकांनी त्यांच्या खुर्चीला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा चहाला आत्ता नाही गेलेला. खुर्ची पार गार आहे."

काका आता नाहीत. पण डहाणू रोडला स्टेशनकडून येताना त्यांची वखार दिसली, की अजून मला वाटतं, कोणीतरी आपल्याकडे बघतंय.

ती वखार गवताची होती. तलासरीकडचं, कैनाडकडचं डोंगरातलं गवत कापून तिथे यायचं, त्याच्या गाठी बांधायच्या आणि रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. मी आले तेव्हा तो धंदा संपल्यातच जमा होता, पण इमारत उभी होती. खाली जाड दगडी भिंती, वर सागाचं लाकूड, कौलं, आणि उंचावर ओळीने झरोके, कारण गवताला वारा लागतो. पुढे मालगाडीच्या डब्याच्या उंचीचा लांबलचक ओटा. एका बाजूच्या तुळया काळ्या पडलेल्या. काकांच्या वडिलांच्या काळात तिथे आग लागली होती.

ती आग कशी लागली हे समजल्याशिवाय काका समजायचे नाहीत. काडी कोणी टाकली नव्हती. गवत जरा ओलं राहिलं आणि दाबून रचलं, की ते आतल्या आत तापतं. वरून हात लावावा तर गार, आणि पोटात भट्टी. म्हणून वखारवाले लोखंडाची लांब सळई ठेवायचे. ती गंजीत खोल खुपसायची, थोडं थांबायचं, ओढून काढायची आणि हाताच्या मागच्या बाजूने बघायची. चटका बसला तर विचार करायचा नाही, गंजी उलगडायची आणि रस्त्यावर पातळ पसरून टाकायची. काकांनी लहानपणी ती आग पाहिली आणि मग जन्मभर ती सळई हातातून सोडली नाही. गवत गेलं, तरी काठीच्या जागी सळई राहिली. ते माणसांशीही तसंच वागत. एखादा खोचक प्रश्न घालायचे, गप्प बसायचे, आणि समोरचा किती तापतो ते बघायचे.

माझ्याशीही तेच झालं. आम्ही परभणीकडचे. माझे मिस्टर फुग्यांच्या कारखान्यात लागले म्हणून इकडे आलो, मग तिथलं काम कमी झालं आणि ते वापीला जायला लागले. मी जवळच्याच सरावलीत घेतलेल्या खोलीत बसून भिंती किती दिवस बघणार? माहेरी आमचा इस्त्रीचाच धंदा, सातवीत माझी शाळा सुटली ती त्याच्यापायीच. येताना लोखंडी इस्त्री बरोबर आणलेली होती. वखारीच्या ओट्यावर कोपरा रिकामा दिसला, तर जाऊन विचारलं.

"इस्त्री? कोळशाची?" काका म्हणाले.

"हो."

"गवताच्या वखारीत कोळसा घेऊन बसणार तू?"

"आता गवत कुठंय, काका?"

"तू आत जाऊन बघितलंस?"

मी वळले. मागून आवाज आला, "ए बाय. थांब. पेटव बघू."

मी तिथेच इस्त्री पेटवली. त्यांनी अंगातला सदरा काढून दिला आणि बनियनवर, सळई मांडीवर आडवी घेऊन, स्टुलावर बसून राहिले. सदरा झाला तरी उठेनात. निखाऱ्यांची राख झाली, राख गार झाली, तेव्हा तिच्यात बोटं घालून बघितलं आणि म्हणाले, "ओट्यावर बस. कोपऱ्यात. शटरच्या आत पाय नाही टाकायचा." भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "बघू. सध्या माझे सदरे कर."

"बघू" हा त्यांचा आवडता शब्द. हो म्हटलं तर अडकलो आणि नाही म्हटलं तर समोरचा सावध झाला, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. मी किती वर्षं त्या एका "बघू"वर उभी होते. रोज दुकान आवरायच्या वेळी ते येत, राखेच्या डब्यात हात घालत आणि न बोलता जात. सदरे घेताना प्रत्येकाची कॉलर उलटून बघत, मी कोणाचा दुसरा तर दिला नाही ना म्हणून. उपकार वाटायचे आणि भीतीही वाटायची. भाडं न घेता जागा देणाऱ्या म्हाताऱ्याच्या मनात काय असतं, हे मला शेजारणींनी पुष्कळ रंगवून सांगितलं होतं. मी सहा महिने पदराला पिन लावून उभी राहिले. तसलं काही नव्हतं. पण मग काय होतं, तेही कळत नव्हतं.

ओट्यावर दुसरे जिग्नेशभाई, फरसाणवाले. त्यांचा गाळा आतला, कढई बाहेर. त्यांची मतं तेलातून निघाल्यासारखी गरम असत. ते म्हणायचे, "भाभी, हा डोसो, म्हातारा, आपल्यापेक्षा जास्त विश्वास तर मांजरावर ठेवते. माझा गाठिया मोजून खाते, ने मग मलाच विचारते, एक कमी का?"

मग काकांची मुलगी आली. आम्ही तिला ताई म्हणायचो. मुंबईत इमारतींचे नकाशे काढायची. तिने वखारीत चार दिवस टेप लावून मापं घेतली, झरोके मोजले, काळ्या तुळयांवर चढून खरवडून बघितलं, आणि एका सकाळी आम्हा सगळ्यांना ओट्यावर बसवून नकाशा पसरला. वखार पाडायची नाही. भिंती, साग, कौलं तशीच. खाली दुकानं, मधल्या माळ्यावर ऑफिसं, वर राहायच्या खोल्या. मागच्या उतरत्या छपरावर सूर्याच्या विजेच्या पाट्या. जुन्या वजनकाट्याच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचं. झरोके उघडे ठेवले तर एसी लागत नाही. मागे बाग, आणि बागेला लागणारं खत इथल्याच कचऱ्याचं. तिचा चेहरा असा उजळला होता, की मला उगाच तिची काळजी वाटली.

"म्हणजे फरसाण, वकील आणि पाळणा, एका छपराखाली," काका म्हणाले.

"पप्पा, पूर्वी पण तेच होतं. खाली गवत, वर मुनीम, मागे बैल."

"बैल भांडत नव्हते."

जिग्नेशभाई माझ्याकडे झुकून कुजबुजले, "ग्रीन बिल्डिंग, भाभी. ग्रीन सिग्नल एमने, आपल्याला रेड."

गंमत म्हणजे काकांचंही मत तेच होतं. ताई चहा सांगायला गेली तेव्हा ते आम्हाला म्हणाले, "मी पण तिला ओळखत नाही. माझीच मुलगी आहे, पण वीस वर्षं मुंबईत आहे. आत काय आहे काय माहीत." आणि सळईचं टोक नकाशावर फिरवायला लागले. फिरवता फिरवता ते ओट्याच्या कोपऱ्यावर थांबलं. तिथे नकाशात एक गोल काढला होता आणि गोलाला पानं.

"हे काय?"

"कुंडी," ताई परत येत म्हणाली. "ओट्यावर बाकडी आणि झाडं. लोकांना बसायला."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नकाशाकडेच बघत राहिले. त्या कुंडीच्या जागेवर मी उभी राहत होते.

दुसऱ्या दिवशी धीर करून ताईला विचारलं. ती चांगली बाई होती, सरळ बोलली. "वहिनी, कोळसा नाही चालणार. धूर, आग, सगळ्याचाच प्रश्न आहे. विजेची इस्त्री घेतलीत तर बघू आपण." बापाचा तोच शब्द लेकीच्या तोंडून आला. काकांना विचारलं तर त्यांनी नुसतं, "कोण काय म्हणालं तुला? केव्हा? अजून कोण होतं तिथे?" एवढंच विचारून घेतलं आणि निघून गेले.

काम सुरू झालं. ताईने कोणालाही बाहेर काढलं नाही. एक भाग उघडायचा, तो झाला की दुसरा. आम्ही धुळीत धंदा करत होतो. कपड्यांवर मी जुन्या चादरी टाकायची. आणि काका आता रोज सळई घेऊन माझ्या कोपऱ्यात यायचे, ती जमिनीवर आडवी टाकून मापं काढायचे. माझ्या टेबलाच्या या बाजूने, त्या बाजूने. भिंतीला कुठेतरी खडूची रेघ मारायचे. मी विचारलं तर, "तू तुझं काम कर."

"कॉफीवाला येणार तिथे," जिग्नेशभाईंनी पक्की खबर आणली. "एवढासा कप, ने भाव सांगतो तर आपल्याला चक्कर. डोसो त्याच्यासाठीच माप घेते." मला ते पटलं. रेघा तर डोळ्यांसमोर होत्या. मी सरावलीला दोन-तीन जागा बघून आले. एक गटारावर होती, एक कोंबडीवाल्याच्या शेजारी, जिथे धुतलेला कपडा पाच मिनिटंही टांगता आला नसता. त्या दिवसांत कोणाचे सदरे मी जाळले नाहीत, हीच देवाची कृपा.

आता तो दिवस. थंडीतली सकाळ होती. मधला माळा घेणारी मुंबईची मंडळी जागा बघायला येणार होती. त्यांनी घेतला नाही तर पुढचं काम थांबणार, हे ताईच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. काका आठवडाभर तलासरीला बहिणीकडे होते. नेमके त्याच सकाळी जीपमधून उतरले, ओट्यापाशी थांबले आणि नाक वर केलं.

"वास कसला येतोय?"

"कसला, काका?"

ते सरळ माझ्याकडे आले. इस्त्री उचलून खाली बघितलं, टेबलाखाली वाकले, राखेच्या डब्यात मनगटापर्यंत हात घातला. आज काही जळालेलं निघालं तर नकाशातली कुंडी आजच येणार. "गार आहे," ते म्हणाले, आणि तरी माझ्याकडे असं बघितलं की मीच माझ्या राखेवर संशय घेतला. मग ते वास घेत घेत वखारीच्या मागे गेले.

मागे ताईने भिंतीला लागून जाळीचे तीन मोठे पिंजरे करून घेतले होते, खतासाठी. त्यात भाजीचा कचरा, चिकूचा पाला, जिग्नेशभाईंकडची सालं, आणि वरच्या माळ्यावर उरलेलं वखारीतलं शेवटचं गवत. सगळं थर लावून, पाणी मारून, दाबून. काका तलासरीला असतानाच हे झालं होतं. त्यांनी काय पाहिलं असेल याचा विचार करा: स्वतःच्या भिंतीला टेकून ओल्या गवताची दाबलेली गंजी.

आम्हाला आधी सळई जाळीवर आपटल्याचा आवाज आला. मग काकांचा असा आवाज आला, जो मी त्याआधी ऐकला नव्हता.

"तापलंय! बाहेर निघा! सगळे बाहेर!"

मी धावले तर त्यांनी एक पिंजरा उघडून वरचा थर ओढला होता आणि त्या थंड हवेत आतून भसाभस पांढरं वर येत होतं. ती वाफ होती. पण त्या क्षणी तिला वाफ म्हणणारा तिथे कोणी नव्हता. जिग्नेशभाई "धुमाडो! धुमाडो!" ओरडत गॅसचे सिलिंडर रस्त्यापलीकडे लोटायला लागले. गवंडी घमेली घेऊन आले. मी ग्राहकांचे कपडे गाठोड्यात बांधून डोक्यावर घेतले. काका कामगारांना हुकूम देत होते, "पाणी वर नका मारू, पसरा! रस्त्यावर पसरा! पातळ!" आणि स्वतः धोतर खोचून, गुडघ्यापर्यंत त्या काळ्या लगद्यात उभे राहून, दोन्ही हातांनी उपसत होते. सत्तरीच्या पुढचा माणूस. पाहता पाहता तिन्ही पिंजरे रिकामे झाले आणि स्टेशनकडून येणारा रस्ता कुजका पाला, सालं आणि गवत यांनी झाकून गेला. वास म्हणजे काय सांगू.

त्याच रस्त्याने मुंबईची मंडळी आली. चौघं होती, पांढऱ्या बुटांत. बरोबर ताई.

ताईने रिकाम्या पिंजऱ्यांपर्यंत जाऊन पाहिलं. मग म्हणाली, "पप्पा, काय केलंत तुम्ही?"

"वाचवली. हात लावून बघ सळईला. चटका बसतो."

"बसणारच! ते तापायलाच पाहिजे! तापल्याशिवाय खत होत नाही!"

काका तिच्याकडे बघत राहिले. रागावून नाही. खरोखर न कळल्यासारखे. "तापायला पाहिजे? म्हणजे तू मुद्दाम तापवलंस?"

"हो!"

"माझ्या वखारीत? मुद्दाम?"

"गावोगावी उकिरडे नसतात का, पप्पा?"

"गावाबाहेर असतात! सागाच्या वखारीला टेकवून कोणी ठेवत नाही!"

मंडळींपैकी एकाने फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. तेव्हा मात्र ताईचा तोल गेला. ती रडवेली होऊन ओरडली, "तुमच्या या एका बाईसाठी मी तीन वेळा नकाशा बदलला. एक शब्द बोलले? ओट्यावर तिचा गाळा नसेल तर सही नाही म्हणालात, मी कुंडी खोडली. खिडकी उजव्या हाताला हवी म्हणालात, फिरवली. टेबलाची मापं तुम्ही फोनवर सांगत होतात आणि मी लिहून घेत होते. आणि तुम्ही मला एक खताचा ढीग नाही करू दिलात!"

मी डोक्यावर गाठोडं घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी होते. जिग्नेशभाई माझ्या शेजारी, एक हात सिलिंडरवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

काकांचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला होता. त्यांनी हात धोतराला पुसले, आणखीनच घाण झाले. मग मान खाली घालून, ताईला ऐकू जाईल एवढंच, पण मलाही ऐकू आलं, असं म्हणाले, "ती गेली असती तर मी लक्ष कोणावर ठेवलं असतं?"

आणि लगेच माझ्यावर खेकसले, "तू काय ऐकत उभी आहेस? झाडू आण."

सगळ्यांनी मिळून रस्ता झाडला. त्या मंडळींतला एक जण बूट काढून आमच्याबरोबर घमेली उचलत होता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आम्ही त्यांच्याबद्दलही भलतंच धरून बसलो होतो. पुढे त्यांनी तो माळा घेतला. ताईने नवीन ढीग केले, आणि ते तापलेत ना हे रोज बघायचं काम काकांनीच घेतलं. पण तोंड असं करून बघायचे, की जणू कोणीतरी त्यांना फसवतंय आणि ते पुरावा जमवतायत.

माझा गाळा झाला. लहानसाच आहे, पण शटर आहे, उजव्या हाताला खिडकी आहे, विजेच्या इस्त्रीला छपरावरच्या उन्हाची वीज येते. भाडंही ठरलं, ताईने ठरवलं, झेपेल असं. जागा हातात आली त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल.

"कोण हा म्हातारा?" तिने विचारलं. "आपला ना नात्याचा ना गावाचा. का देतोय?"

"चांगले आहेत ते, आई."

"चांगलं असलं म्हणून असंच देत नसतं कुणी. तू विचारलं का त्याला, का देता म्हणून?"

"विचारलं."

विचारलं होतंच मी, आदल्याच दिवशी. ते नव्या प्लगच्या खोक्याला हात लावून बघत होते. माझा आवाज चढला होता, कारण इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. म्हटलं, काका, मला खरं सांगा, माझ्यासाठी एवढं का केलंत?

"मग? काय म्हणाला?" आई.

"ते म्हणाले, तू परत जाणार आहेस का गावाला? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग उभी कुठे राहशील?"

बोलून गेले आणि माझ्या ध्यानात आलं, की मी परत जाणार नाही, हे मी काकांना सांगितलं होतं, मिस्टरांना सांगितलं होतं, आईला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. तिला दर दिवाळीला सांगत होते, अजून दोन वर्षं.

पलीकडे आईने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "तिकडं पाणी कसंय गं? समुद्राजवळ म्हणतेस. खारं असंल."

"नाही. पावसाचं साठवलेलं आहे. गोड आहे."

"मग कपडे चांगले निघतेल," आई म्हणाली.